टेन्ट लावल्यावर प्राणी-पक्षी बघायचे कसे: कमी फिरा, जास्त बसा

बरेच जण गावाबाहेर कॅम्पिंगला जाऊन येतात आणि सांगतात की काही दिसलंच नाही, नुसते कावळे आणि एखादी खार. पण त्याच रात्री त्यांच्या टेन्टपासून वीस-पंचवीस पावलांवरून ससा गेलेला असतो, वरच्या फांदीवर घुबड बसून गेलेलं असतं, ओढ्याकाठच्या चिखलात कोल्ह्याचे ठसे उमटलेले असतात आणि यांना त्याचा पत्ताच नसतो. कारण दिवसभर शोधत फिरायचं, आणि सगळे जीव खरंच बाहेर पडतात त्या वेळी शेकोटीभोवती मोठमोठ्याने गप्पा. माझं तरी ठाम मत आहे की कॅम्पिंगमध्ये प्राणी बघायला पायपीट लागत नाही. एक बरी जागा निवडा, तिथे गप्प बसा, आणि संध्याकाळ नि पहाट या दोन वेळा काही केल्या चुकवू नका.

पोचल्यावर आधी काय करायचं

शक्यतो दुपारीच पोचा, म्हणजे उजेडात आजूबाजूचं नीट बघून होतं. टेन्ट पाण्याच्या अगदी काठावर लावायचा मोह होतो पण तो आवरा. निसर्गात वावरायचे जे नियम जगभर पाळतात त्यात पाण्यापासून साधारण ६० मीटर लांब राहा असं सांगतात, कारण ओढ्यावर किंवा तळ्यावर पाणी प्यायला येणाऱ्यांची वाट आपणच अडवून बसलो तर ते येणारच नाहीत, आणि काही जण तर त्या रात्री तहानलेलेच परत जातील. ओढ्याचं कोरडं पात्र किंवा सखल खळगा पण नको, वर कुठेतरी पाऊस झाला तर पाणी थेट अंगावर येतं. आणि जिथे मोठे शिकारी प्राणी फिरतात अशा भागात कुठे मुक्काम करायचा हे आपल्या मनाने ठरवायचंच नाही, तिथल्या वनखात्याला आणि गावातल्या लोकांना विचारायचं आणि ते म्हणतील तिथेच टेन्ट लावायचा.

टेन्ट लागला की तासभर नुसतं हिंडून या, पण प्राणी शोधायला नाही, कड शोधायला. कड म्हणजे जिथे झाडी संपून गवत लागतं, शेताचा बांध संपून झुडपं सुरू होतात, तळ्याचं उघडं पाणी लव्हाळ्याला भिडतं. चरायला उघडी जागा आणि लपायला आडोसा, दोन्ही एका उडीत मिळतं म्हणून ससे, हरणं, कोल्हे, पाखरं सगळे कडेकडेनेच वावरतात. आता जरा खाली वाकून बघा. झुडपाच्या बुडाशी गवत दबून बोगद्यासारखी वाट झालेली दिसेल, ती रोजच्या वापराची असते. त्या बोगद्याची उंची घोट्याएवढी असेल तर उंदीर-मुंगसासारखं कोणीतरी, गुडघ्याएवढी असेल तर कोल्हा-रानडुकरासारखं. शेजारच्या काट्याला केस अडकलेत का तेही बघा.

लेंड्यांवरून पण भरपूर कळतं. सशाच्या लेंड्या गोल, कोरड्या, चुरडल्या तर आत नुसता गवताचा भुसा. हरीण-शेळीच्या कुळातल्यांच्या लांबट, बऱ्याचदा एका टोकाला टोकदार आणि ढिगाने. कोल्ह्याच्या विष्ठेत केस, हाडांचे तुकडे आणि फळांच्या बिया एकत्र दिसतात, आणि ती मुद्दाम वाटेच्या मधोमध किंवा दगडावर केलेली असते कारण ती त्याची निशाणी आहे. मांसाहारी प्राण्यांच्या विष्ठेला हात लावायचा नाही, त्यात जंतांची अंडी असू शकतात, काडीने उलगडून बघायचं. जुन्या झाडाच्या ढोलीखाली किंवा पडक्या भिंतीखाली अंगठ्याएवढ्या करड्या केसाळ गोळ्या सापडल्या तर समजा वर घुबड राहतं, कारण पचत नाहीत ते केस आणि हाडं घुबड गोळी करून ओकून टाकतं. कोरडी गोळी हळूच फोडली तर आत उंदराची इवलीशी कवटी दातांसकट मिळते. लहान मुलं तर तासनतास त्यात रमतात, फक्त नंतर हात साबणाने धुवायला लावा.

एक गोष्ट आवर्जून करा. पाण्याकडे जाणाऱ्या अशाच एखाद्या वाटेवर हात-दोन हात लांबीचा मऊ मातीचा तुकडा बघून ठेवा, काड्या-खडे उचला, थोडं पाणी शिंपडा आणि तळहाताने माती सारखी करून ठेवा. बस्स. त्याचं काय करायचं ते सकाळी.

संध्याकाळची बैठक

सूर्य मावळायच्या निदान पाऊण तास आधी जागेवर बसलेलं असलं पाहिजे. आपण बसताना जी काही खसफस करतो त्याने आजूबाजूचे सगळे गप्प होतात आणि त्यांना परत मोकळं व्हायला वीस-पंचवीस मिनिटं तरी लागतात, म्हणजे ऐन तिन्हीसांजेला पोचलात तर तो सगळा वेळ वाया. आणि लोक नेमके पंधराव्या मिनिटाला कंटाळून उठतात, तिथेच सगळं हुकतं.

बसायचं कुठे हे वाऱ्यावर ठरतं. चिमूटभर कोरडी माती किंवा राख हवेत सोडा आणि कुठे जाते बघा, वारा जनावराच्या बाजूने आपल्याकडे आला पाहिजे, आपल्याकडून त्यांच्याकडे नको. आपण कितीही दबा धरून बसलो तरी हरणाच्या नाकाला फसवता येत नाही. यात एक बारकी गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते, की दिवसा ऊन तापलं की हवा उतारावरून वर चढते आणि संध्याकाळी गार पडली की तीच हवा जड होऊन उतारावरून खाली वाहते. म्हणजे संध्याकाळी टेकाडावर बसून खालच्या पाणवठ्यावर नजर ठेवली तर दिसतं झकास, पण तुमचा वास पण हळूहळू खाली पाण्यावर जाऊन साचतो. अशा वेळी बाजूला किंवा थोडं खालच्या अंगाला बसलेलं बरं.

पाठ झाडाला किंवा दगडाला टेकवून बसा, त्याने आपला माणसाचा आकार मोडतो, उघड्यावर आकाशाच्या पार्श्वभूमीवर बसलं की लांबूनच माणूस कळतो. कपड्यांच्या रंगाबद्दल लोक फार चिंता करतात पण रंगापेक्षा हालचाल आणि आवाज जास्त घात करतात, चुरचुर वाजणारं नायलॉनचं जॅकेट तर नकोच. रंगाचं म्हणाल तर हरणांना लाल-नारिंगी नीट वेगळा कळत नाही, निळा मात्र चांगला दिसतो, त्यामुळे जीन्स घालण्यापेक्षा मातकट किंवा शेवाळी रंगाची पँट चांगली. सेंट, वासाचा साबण, सिगारेट हे सगळं त्या दिवसापुरतं बंद.

नजर कशी ठेवायची तर एका जागी रोखायची नाही. सैल ठेवायची, म्हणजे डोळ्याच्या कडेने पण हालचाल पकडता येते. आडवी रेघ शोधा, झाडीत सगळं उभं असतं आणि जनावराची पाठ आडवी असते. कान हलला, शेपूट उडालं, असंच काहीतरी आधी दिसतं आणि मग अचानक तिथे अख्खं हरीण उभं असल्याचं कळतं, ते मगापासून तिथेच असतं.

बायनॉक्युलरबद्दल थोडं बोलते कारण त्यात उगाच पैसे जातात. ८ बाय ४२ घ्या. यातला ८ म्हणजे आठपट जवळ दिसणार आणि ४२ म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. ४२ ला ८ ने भागलं की ५.२५ येतं, तेवढ्या मिलिमीटरचा उजेडाचा झोत डोळ्यात पोचतो, आणि अंधारात आपली बाहुली साधारण तेवढी किंवा थोडी जास्तच उघडते, त्यामुळे संधिप्रकाशात हे माप चांगलं चालतं. खिशात मावणारं ८ बाय २१ घेतलं तर हाच आकडा २.६ वर येतो आणि नेमकं आपल्याला हवं असतं त्या वेळी चित्र काळपट होतं. १० पटीचं घेतलं तर हात हलतो तो पण दहापट दिसतो. आणि वापरायची रीत अशी की आधी नुसत्या डोळ्यांनी जनावर पकडायचं, नजर त्यावरून अजिबात न हलवता बायनॉक्युलर डोळ्यांसमोर आणायचं. बायनॉक्युलर आधी लावून मग शोधत बसलं की फक्त पानंच दिसतात. शेजाऱ्याला दाखवायचं असेल तर बोट करू नका, समोरचं मोठं झाड घड्याळाची तबकडी समजा आणि कुजबुजून सांगा "दोन वाजता, दुसरी फांदी".

पाखरांकडे कान ठेवा, कोण येतंय ते त्यांनाच आधी कळतं. चिमण्या-बुलबुलांसारखी छोटी पाखरं एकाच झुडपाभोवती जमून कर्कश कलकलाट करत असतील तर तिथे बसलेलं घुबड, साप किंवा मांजर असणार, तो आवाज मुद्दाम असा असतो की कुठून येतोय हे लगेच कळावं आणि बाकीच्यांनी मदतीला यावं. याउलट वर शिकरा घिरट्या घालत असेल तर तीच पाखरं बारीक, लांबट, शिट्टीसारखा आवाज काढून गप्प होतात, आणि तो कुठून आला हे शोधणं अवघड असतं म्हणजे शिकऱ्याला पण पत्ता लागत नाही. पीटर मार्लर नावाच्या संशोधकाने १९५५ मध्ये हा फरक मांडला होता आणि आजही शेताच्या बांधावर बसून तो स्वतःच्या कानांनी ऐकता येतो. मला विचाराल तर महागडा कॅमेरा घेण्याआधी ही भाषा शिकावी.

अंधार पडल्यावर

इथे सगळ्यात जास्त बिघडवतो तो उजेड. आपल्या डोळ्यांना अंधाराची नीट सवय व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि एकदा मोबाइलची स्क्रीन बघितली की ती सगळी कमाई गेली, परत पहिल्यापासून सुरुवात. म्हणून लाल उजेडाचा हेडलॅम्प वापरा, किंवा साध्या टॉर्चवर लाल जिलेटीन पेपर रबरबँडने बांधा. लाल उजेडाने आपली सवय फारशी मोडत नाही आणि बहुतेक सस्तन प्राण्यांना तो तितकासा जाणवत नाही. अंधारात एखादी गोष्ट नीट बघायची असेल तर सरळ तिच्याकडे बघू नका, किंचित बाजूला बघा, कारण कमी उजेडात काम करणाऱ्या पेशी डोळ्याच्या अगदी मध्यावर नसतात, आजूबाजूला असतात. पहिल्यांदा करून बघाल तेव्हा गंमत वाटेल, सरळ बघितलं की नाहीसं होतं आणि बाजूला बघितलं की दिसतं.

मग पांढरा टॉर्च अजिबात नको का, तर एका कामाला हवा. हेडलॅम्प कपाळावरून काढून डोळ्याच्या अगदी शेजारी धरा आणि गवतावर दहा-पंधरा पावलांपर्यंत झोत हळूहळू फिरवा. गवतात बारीक बारीक ठिणग्या चमकतील. त्यातल्या काही पांढऱ्या असतात आणि आपण मान हलवली की रंग बदलतात, ते दवाचे थेंब. काही हिरवट-निळसर असतात आणि मान हलवली तरी तशाच राहतात, ते लांडगा कोळ्याचे डोळे. झोत त्यावरून न हलवता पावलापावलाने जवळ जा, शेवटी अगदी मोहरीएवढा चमकता ठिपका आणि त्याच्यामागे नखाएवढा कोळी दिसेल, कधी पाठीवर पिल्लांचा ढीग घेतलेली मादी असते आणि मग तर एका ठिकाणी पिल्लांच्या डोळ्यांचे कितीतरी ठिपके लुकलुकतात. टॉर्च डोळ्याजवळ धरल्याशिवाय हे होत नाही, कारण कोळ्याच्या डोळ्याच्या आतल्या आरशासारख्या पडद्यावरून उजेड जिथून आला तिथेच परत जातो. लांब कुठे मोठे डोळे चमकले तर झोत थेट तोंडावर धरून ठेवायचा नाही, बाजूला सरकवायचा, कडेच्या उजेडात पुरेसं दिसतं. घुबडावर तर थेट झोत नकोच.

अल्ट्राव्हायोलेट टॉर्च असेल तर दगडांच्या फटी आणि झाडांच्या साली बघा, विंचू हिरवट-निळा झगझगीत चमकतो. नुकती कात टाकलेला विंचू मात्र चमकत नाही, म्हणून काही दिसलं नाही याचा अर्थ तिथे काही नाही असा धरून हात घालायचा नाही. त्या टॉर्चकडे डोळ्यांनी सरळ बघू नका आणि मुलांच्या हातात देऊ नका.

पतंग बघायचे असतील तर दोन झाडांमध्ये दोरी बांधून पांढरी चादर टांगा आणि तिच्यासमोर दिवा ठेवा. उकाडा, ढग, वारा नाही आणि चंद्र नाही अशी रात्र सगळ्यात चांगली. तासाभरात चादर भरते, वाळक्या पानासारखे, सालीसारखे, पक्ष्याच्या विष्ठेसारखे दिसणारे पतंग येतात, त्यांच्या मागे प्रार्थनाकीटक येतो आणि मग भिंगातून बघत बसलं की एकेकाच्या मिशा पिसासारख्या आणि एकेकाच्या दोऱ्यासारख्या दिसायला लागतात. हे दिव्याकडे का येतात यावर खूप जुने तर्क आहेत, पण २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात वेगवान कॅमेऱ्याने दाखवलं की उडताना कीटक आपली पाठ उजेडाकडे ठेवतात, निसर्गात उजेड म्हणजे वरचं आकाश, आणि दिवा मध्येच आला की त्यांची दिशा बिघडते आणि ते त्याच्याभोवती अडकतात. म्हणून ही चादर रात्रभर ठेवायची नाही. तास-दीड तासात दिवा बंद, आणि चादरीवर बसलेले हळूच झुडपात झटकायचे, नाहीतर पहाटे पाखरांना आयती मेजवानी मिळते. काजवे असतील तर चादर पण नको आणि टॉर्च पण नको, सगळा उजेड बंद. बऱ्याच जातींमध्ये उडणारा नर लुकलुकतो आणि खाली बसलेली मादी ठरावीक वेळाने उत्तर देते, आपल्या उजेडात त्यांना एकमेकांचं दिसतच नाही.

बेडूक ओरडताना ऐकू येतो पण दिसत नाही, त्याला एक युक्ती आहे. दोघांनी एकमेकांपासून आठ-दहा पावलं लांब उभं राहायचं आणि ज्या दिशेने आवाज येतोय तिकडे दोघांनीही हात करायचा, दोन्ही रेषा जिथे छेदतात तिथे बेडूक. जवळ गेलं की तो गप्प होतो, मग पाच-सात मिनिटं जागचं हलायचं नाही, एक सुरू झाला की बाकीचे लगेच मागे लागतात.

टेन्टमध्ये झोपल्यावर

झोपायच्या आधी खाण्याचं सगळं घट्ट डब्यात बंद करून टेन्टपासून लांब, टूथपेस्ट आणि कचऱ्याची पिशवी सुद्धा. यात हयगय नको. एकदा का प्राण्याला टेन्ट म्हणजे खाणं असं कळलं की तो परत परत येतो, पुढच्या माणसाला त्रास होतो आणि शेवटी जीव त्या प्राण्याचाच जातो. बूट आत घ्या, सकाळी झटकून घाला, आणि टेन्टची चेन एक बोट पण उघडी ठेवू नका.

मग आडवं पडून कानोसा घ्या. पानांवरून चालणारा उंदीर सुद्धा रात्री रानडुकराएवढा वाटतो, त्यामुळे आवाजाच्या मोठेपणावर जाऊ नका, लय ऐका. उड्या मारत येणारं थांबून थांबून वाजतं, चार पायांनी चालणारं सलग वाजतं. गव्हाणी घुबडाचा आवाज घुमल्यासारखा नसतो, किंचाळल्यासारखा असतो, ज्यांनी कधी ऐकला नाही ते खूप घाबरतात. या घुबडाचा एक कान किंचित वर आणि एक खाली असतो, आवाज दोन्ही कानांपर्यंत वेगवेगळा पोचतो त्यावरून ते मिट्ट काळोखात नुसत्या कानाने उंदीर पकडतं. झोप येत नसेल तर एक करून बघा, एकच रातकिडा स्पष्ट, तुटक किर्र-किर्र करत असेल तर ८ सेकंदांतले आवाज मोजा आणि त्यात ५ मिळवा, साधारण तेवढे अंश सेल्सियस तापमान असतं. एमॉस डॉल्बेअरने १८९७ मध्ये मांडलेल्या सूत्राचं हे सोपं रूप आहे, ते एका विशिष्ट जातीला नीट लागू पडतं, सलग किरकिरणाऱ्यांना नाही.

पहाट

गजर सूर्योदयाच्या तासभर आधीचा लावा. मला माहितीये सुट्टीत हे जिवावर येतं, पण दिवसातला हा सगळ्यात चांगला तास आहे आणि तो झोपेत घालवण्यासाठी एवढ्या लांब येऊ नये. वारा पडलेला असतो, आवाज लांबवर पोचतो, पाखरं एकामागून एक सुरू होतात, आधी एक, मग दुसरं, आणि उजाडेपर्यंत इतका गलका होतो की वेगळं काढता येत नाही. म्हणून पहिलं पाखरू सुरू व्हायच्या आत उठलेलं बरं, तेव्हा एकेक आवाज सुटा कळतो. आवाज ओळखायला मर्लिन ॲप आहे, ते कॉर्नेल लॅबचं आहे आणि फुकट आहे, भागाचा डेटा आधीच डाउनलोड केला तर नेटवर्क लागत नाही. पण त्याने नाव दाखवलं म्हणून झालं असं नाही, पाखरू डोळ्यांनी बघून खात्री करा. आणि ॲपमधला आवाज स्पीकरवर वाजवून पक्ष्याला बोलवायचं नाही, विणीच्या काळात तर अजिबातच नाही, त्याला वाटतं दुसरा नर हद्दीत शिरला, आणि घरटं सोडून तो भांडायला येतो.

आता ती काल सारखी केलेली माती. ऊन तिरपं असतानाच जा, कारण तिरप्या उन्हात ठशाच्या कडेला सावली पडते आणि सगळं उठून दिसतं, दुपारी तोच ठसा सपाट दिसतो. ऊन नसेल तर टॉर्च जमिनीलगत आडवा धरा. चार बोटं, पुढे नखांच्या खुणा, ठसा लांबट, आणि बोटं नि गादी यांच्या मधून फुलीसारख्या दोन रेघा ओढता येतात, तर तो कुत्र्याच्या कुळातला, कोल्हा वगैरे. चार बोटं पण नखांच्या खुणा नाहीत, ठसा गोलसर, मोठी गादी, तिच्या मागच्या कडेला तीन फुगवटे, तर मांजराच्या कुळातलं, कारण मांजर नखं आत ओढून चालतं. सशाचं बघून पहिल्यांदा गोंधळायला होतं, दोन मोठे ठसे पुढे आणि दोन छोटे मागे, पण मोठे ते मागच्या पायांचे असतात, उडी मारताना मागचे पाय पुढच्यांच्या पुढे जाऊन टेकतात. शेजारी मोजपट्टी किंवा नाणं ठेवून वरून सरळ फोटो काढा, नंतर ओळखायला तेवढं पुरतं.

उन्हं वर आली की प्राणी आडोशाला जातात, तेव्हा तुम्ही पण झोपून घ्या. नऊ-दहानंतर जमीन तापली की गरम हवेवर घारी-गरुड घिरट्या घालायला लागतात, आणि ऊन अंगावर घेत बसलेल्या पाली-सरडे, फुलपाखरं, चतुर हे दुपारचं काम. तळ्याकाठी चतुर आणि टाचणी (चतुराच्याच कुळातला, पण काडीसारखा बारीक कीटक) बसलेली बघा, चतुर पंख पसरून बसतो, टाचणी बहुतेक वेळा पाठीवर मिटून.

मुलं बरोबर असतील तर त्यांना अर्धा तास गप्प बस म्हणून चालत नाही, काहीतरी काम द्या. एकाला वही आणि वेळ लिहायचं, एकाला आवाज मोजायचे, वेगळा आवाज ऐकू आला की बोट दुमडायचं. दहा मिनिटांपासून सुरुवात करा, पुढच्या वेळी ती स्वतःच वाढवतात. वही मोठ्यांनी पण ठेवावी, काय, किती वाजता, कुठे, हवा कशी होती आणि ते करत काय होतं. नाव माहीत नसलं तरी चालेल, काय करत होतं हे लिहिलं की नाव नंतर सापडतं.

लांबून बघायचं म्हणजे किती लांबून

हात सरळ पुढे करा, अंगठा वर करा, एक डोळा मिटा आणि अंगठ्याने जनावर पूर्ण झाकलं जातंय का बघा. झाकलं नाही तर तुम्ही फार जवळ आहात, मागे व्हा. अमेरिकेतल्या यलोस्टोनमध्ये तर नियमच आहे, बहुतेक प्राण्यांपासून २३ मीटर आणि अस्वल-लांडग्यांपासून ९१ मीटर. पण आकड्यापेक्षा त्या जनावराकडे बघा, चरणं थांबवून मान वर केली, कान तुमच्याकडे वळवले, पाय आपटला, की तिथेच थांबायचं आणि हळू मागे यायचं. ते पळायला लागेपर्यंत पुढे जात राहणं चुकीचं आहे, चरण्याचा आणि पिल्लांना पाजण्याचा त्याचा वेळ आपण खातो.

गवतात हरणाचं किंवा सशाचं पिल्लू एकटं निपचित बसलेलं दिसलं तर ते टाकून दिलेलं नसतं. आई मुद्दाम लांब चरत असते म्हणजे तिच्यामुळे शिकाऱ्याला पिल्लाचा पत्ता लागू नये, ती ठरावीक वेळी पाजायला येते. हात लावू नका, फोटोसाठी भोवती उभे राहू नका, आपण जाईपर्यंत ती येणार नाही. घरटं सापडलं तर त्याच्यापर्यंत गवत तुडवत वाट करू नका, त्याच वाटेने नंतर मांजर जातं. आणि दुर्मिळ काही दिसलं तर जागेसकट फोटो टाकू नका, मोबाइलमधलं लोकेशन बंद करा. आयनॅचरलिस्ट या निसर्गातल्या नोंदी ठेवायच्या ॲपवर धोक्यातल्या जातींची नेमकी जागा आपोआप झाकली जाते म्हणून नोंद तिथे करणं मला जास्त बरं वाटतं, आणि नाव ओळखायला जाणकार पण मदत करतात.

निघताना टेन्ट सरसर ओढून गुंडाळू नका. रात्रभर खाली ऊब असते म्हणून बुडाखाली बेडूक, गोम, विंचू, कधी साप सुद्धा येऊन बसतो. एक कड उचला, लांबूनच काठीने बघा, असेल कोणी तर त्याला आपल्या पायाने जाऊ द्या आणि मगच पुढची कड. बघायला उलटलेले दगड-ओंडके होते तसे परत ठेवा, ते अलगद पालथे करायचे, आपटायचे नाहीत, त्यांच्याखाली ओल धरून राहणारे जीव उन्हात तासाभरात मरतात. झाडांना बांधलेल्या दोऱ्या सोडून घ्या, शेकोटीवर पाणी ओता, राख हाताला गार लागेपर्यंत ढवळा, आणि मगच बॅग उचला.